फ्रान्सचे तरुण आणि ख्रिस्ती श्रद्धा

२०२५ सालच्या ईस्टरच्या सणाला फ्रान्समधील कॅथॉलिक देवळांतून बाप्तिस्मा घेण्यासाठीं १०,३८४ प्रौढ माणसांनीं नांवें दिलीं होतीं. आदल्या वर्षींचा आंकडा ७,१३५ होता. म्हणजे एका वर्षांत जवळजवळ निमपटीनें वाढ झाली. या प्रौढांपैकीं शेंकडा ४२ जण अठरा ते पंचवीस वर्षें वयाचे होते, आणि त्यांखेरीज अकरा ते सतरा वर्षांच्या ७,४०० हून अधिक मुलामुलींनींहि त्याच सणाची वाट धरली होती. श्रोत्यांना हे आंकडे फार मोठे वाटणार नाहींत. साडेसहा कोटींहून अधिक वस्तीच्या देशांत दहा हजार ते किती! परंतु ज्या देशांत शिकलेल्या तरुणानें देवळाची पायरी चढणें हेंच थोडेंसें चमत्कारिक मानलें जात होतें, त्या देशांत हे तरुण बहुतेक आपण होऊन आले. ते कां आले, त्यांच्यासाठीं कोणीं काय केलें, आणि आल्यावर ते टिकतील काय, या प्रश्नांचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

फ्रान्समधील धर्मनिरपेक्षता ही आपल्याकडील धर्मनिरपेक्षतेहून निराळी वस्तु आहे, हें आरंभींच ध्यानांत घेतलें पाहिजे. राज्यानें सर्व धर्मांकडे समदृष्टीनें पाहावें, असा अर्थ आपण करतों. फ्रान्समध्यें राज्यानें धर्माकडे पाहूंच नये, असा तिचा अर्थ होतो. १८८२ सालच्या कायद्यानें सरकारी प्राथमिक शाळांतून धर्मशिक्षण काढून टाकण्यांत आलें, आणि आईबापांची इच्छा असल्यास मुलांना तें शाळेबाहेर मिळावें म्हणून आठवड्यांत रविवारखेरीज आणखी एक दिवस मोकळा ठेवण्यांत आला. पुष्कळ वर्षें हा वार गुरुवार होता. १९७२ पासून तो बुधवार झाला. पुढें ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, प्रजासत्ताक कोणत्याहि उपासनापंथाला मान्यता देणार नाहीं, पगार देणार नाहीं व साह्य करणार नाहीं. त्याच कायद्याचें पहिलें कलम मात्र सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याची हमी देतें, ही गोष्ट त्या कायद्याचे मित्र आणि शत्रु दोघेहि सोयीप्रमाणें विसरतात. गंमत अशी कीं, त्यापूर्वीं बांधलेल्या बहुतेक देवळांच्या भिंती सरकारच्या किंवा गांवच्या मालकीच्या राहिल्या आणि आंत प्रार्थना करण्याचा हक्क तेवढा भाविकांकडे राहिला. पॅरिसचें नोत्र दाम हें महामंदिर १५ एप्रिल २०१९ रोजीं आगीच्या तोंडीं पडलें, तेव्हां तें पुन्हां उभारण्याची जबाबदारी राज्यावर आली ती याच कारणानें.

परंतु कायद्यामुळें देवळें ओस पडलीं, असें म्हणतां येत नाहीं. त्यानंतर साठ वर्षें देवळांत माणसें होतीं; सर्वत्र सारखीं नव्हतीं एवढेंच. फेर्नां बुलार या धर्मगुरूनें १९४७ सालीं ग्रामीण फ्रान्सच्या धर्माचरणाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. त्यांत ब्रिटनीसारख्या प्रांतांत बहुतेक सारें गांव रविवारीं देवळांत दिसतें, तर लिमूझँच्या बाजूला धर्मगुरूला रिकाम्या भिंतींपुढें उपासना करावी लागते. एका देशांत जणुं दोन देश वसलेले होते. तरी १९६० च्या सुमारास फ्रान्समध्यें जन्मणाऱ्या मुलांपैकीं शेंकडा ९० हून अधिक मुलांना बाप्तिस्मा मिळत असे, आणि सुमारें चतुर्थांश प्रौढ माणसें रविवारच्या उपासनेला जात. आज दर रविवारीं जाणारांचें प्रमाण शेंकडा दोनतीनच्या आसपास आहे. गीयोम क्यूशे या इतिहासकारानें २०१८ सालच्या आपल्या ग्रंथांत ही तूट १९६५ च्या सुमारास पडली असें दाखविलें असून, ‘गेलेंच पाहिजे’ हें धार्मिक बंधन त्या वेळीं एकाएकीं सैल झालें, हें तिचें एक मोठें कारण मानलें आहे. बंधन सैल होतांच सर्वांत आधीं तरुण सुटले. मला यांत नवल वाटत नाहीं. आजी नित्य जाते, आई सणावारीं जाते, आणि नातीला प्रार्थनेचे शब्दहि ठाऊक नसतात. संवयीनें चालत आलेली वस्तु संवय मोडतांच जाते, आणि तिला जायला दोन पिढ्या पुरतात.

ही हानि कांहीं माणसांना फार पूर्वींच दिसली होती. बेल्जमचे झोझेफ कार्डाइन हे धर्मगुरु होण्यासाठीं शिकत असतांना सुटींत घरीं आले, तेव्हां त्यांच्या वयाचीं गांवचीं मुलें कारखान्यांत लागलेलीं होतीं. कालपर्यंतचे हे सोबती त्यांच्याशीं मोकळेपणानें बोलेनात. तूं आतां त्या दुसऱ्या बाजूचा, अशा नजरेनें पाहूं लागले. हें शल्य कार्डाइन यांनीं जन्मभर बाळगलें आणि त्यांतूनच १९२५ सालीं तरुण ख्रिस्ती कामगारांची संघटना उभी राहिली. फ्रान्समध्यें तिची पहिली शाखा १९२७ सालीं पॅरिसलगतच्या क्लिशी या कारखान्यांच्या वस्तींत झोर्झ गेरँ या धर्मगुरूनें काढली. पाहा, पारखा, करा, ही या संघटनेची त्रिपदी होती. धर्मगुरूनें येऊन प्रवचन करावयाचें नाहीं. कारखान्यांतल्या मुलानेंच आपला दिवस कसा जातो तें पाहावयाचें, तें ख्रिस्ताच्या शिकवणुकीशीं ताडून पाहावयाचें आणि आपल्या सोबत्यासाठीं कांहीं करावयाचें. दहा वर्षांनीं, १९३७ च्या जुलै महिन्यांत, पॅरिसच्या एका क्रीडांगणावर या संघटनेचे सुमारें ८०,००० तरुण जमले होते. असें असूनहि १९४३ सालीं आंरी गोदँ व इव्हां दानियेल या दोन धर्मगुरूंनीं फ्रान्स हा आतां मिशनऱ्यांनीं जाण्याजोगा देश झाला आहे काय, असा प्रश्न पुस्तकाच्या नांवांतच विचारला आणि सारें कॅथॉलिक जग दचकलें. युरोपांतून आमच्यासारख्या देशांत मिशनरी पाठविणाऱ्या राष्ट्राला हा प्रश्न स्वतःविषयीं पडावा, ही साधी गोष्ट नव्हती. त्या पुस्तकानंतर कांहीं धर्मगुरु कामगार होऊन कारखान्यांत शिरले. १९५४ सालीं रोमनें त्यांना आवरलें. तो इतिहास स्वतंत्र भाषणाचा आहे.

याच काळांत, आणि अगदीं निराळ्या वाटेनें, बरगंडी प्रांतांत एका खेड्यांत जें घडलें त्याजवळ मात्र थांबलें पाहिजे. १९४० च्या ऑगस्टमध्यें रोजे शुट्झ नांवाचा पंचवीस वर्षांचा स्विस प्रॉटेस्टंट तरुण सायकलवरून तेझे या गांवीं आला. फ्रान्स नुकताच पराभूत झाला होता. जर्मनांनीं व्यापलेल्या मुलुखाची सीमा या गांवापासून फार दूर नव्हती. रोजेनें तेथें एक जुनें घर विकत घेतलें आणि पळून येणाऱ्या निर्वासितांना, त्यांत कित्येक ज्यू होते, आसरा देण्यास आरंभ केला. १९४२ च्या अखेरीस त्याला तेथून दूर राहणें भाग पडलें; १९४४ सालीं तो परतला आणि या वेळीं त्यानें शेजारच्या छावणींतील जर्मन युद्धकैद्यांना जवळ केलें. शेजाऱ्यांना हें रुचलें असेल असें वाटत नाहीं. १९४९ च्या ईस्टरला सात जणांनीं आजन्म ब्रह्मचर्य, समाईक जीवन व साधेपणा यांची प्रतिज्ञा घेतली, आणि बंधुमंडळ स्थापन झालें. प्रॉटेस्टंट पंथांत मठवासाची परंपरा मोडून चारशें वर्षें झालीं होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या प्रतिज्ञेचें धाडस कळतें. पुढें मंडळांत कॅथॉलिक बंधुहि आले. मंडळ देणग्या घेत नाहीं. मातीचीं भांडीं घडवून, पुस्तकें छापून बंधु आपला निर्वाह करतात. एखाद्या बंधूच्या वांट्याला वडिलार्जित संपत्ति आली तर ती गरिबांना दिली जाते.

तरुणांना आकर्षून घ्यावें असा या मंडळाचा मुळींच संकल्प नव्हता. तरुण आपण होऊन येऊं लागले. गांवचें जुनें देऊळ लहान पडलें म्हणून १९६२ सालीं समेटाचें मंदिर या नांवाचें मोठें मंदिर उभें राहिलें. युद्धांतील पातकांचें परिमार्जन म्हणून काम करणाऱ्या जर्मन तरुणांच्या संस्थेनें तें बांधण्यास हात लावला. नऊ वर्षांत तेंहि अपुरें पडलें. १९७१ च्या ईस्टरला इतके तरुण येणार असें दिसतांच बंधूंनीं मंदिराची दर्शनी भिंत पाडली आणि तेथें सर्कशीचा तंबू जोडला. नव्या इमारतीची पुढची भिंत पाडणारे धर्मगुरु मीं तरी दुसरीकडे ऐकलेले नाहींत. १९७४ च्या ऑगस्टमध्यें तेझेला ४०,००० तरुण जमले होते. आजहि उन्हाळ्यांत दर आठवड्याला हजारों तरुण येतात, रविवारपासून रविवारपर्यंत राहतात, तंबूंत किंवा साध्या खोल्यांत निजतात, रांगेंत उभे राहून साधें जेवण घेतात, भांडीं घासतात आणि मोऱ्या धुतात.

त्यांना तेथें काय मिळतें? दिवसांतून तीनदां घंटा होते आणि सारे मंदिरांत जातात. मंदिरांत बहुतेक बांकें नाहींत. सारे जमिनीवर बसतात, जें आपल्याला नवें नाहीं, पण युरोपीय तरुणाला फार नवें आहे. प्रवचन नसतें. पवित्रशास्त्रांतील लहानसा उतारा वाचला जातो, आणि मग एकच ओळ पुनःपुन्हां गाइली जाते. हीं पदें झाक बेर्तिये या पॅरिसच्या संगीतकारानें बांधून दिलेलीं आहेत. निरनिराळ्या भाषांच्या मुलांना एकत्र गातां यावें म्हणून तीं मुद्दाम आंखूड ठेविलीं, कित्येक लॅटिनमध्यें ठेविलीं. आपल्या भजनांतील पालुपद ज्यानें टाळांच्या नादांत घोळून म्हटलें आहे, त्याला त्यांची शक्ति सांगावी लागणार नाहीं. शब्दाचा अर्थ बुद्धीला प्रथम कळतो, आणि आवर्तनांनीं तो खालीं उतरतो. मग आठदहा मिनिटें संपूर्ण स्तब्धता. दोनतीन हजार तरुण माणसें, हातांत कांहीं न घेतां, गप्प बसलेलीं असतात. सकाळीं एखादा बंधु शास्त्रभाग समजावून सांगतो आणि मुलें लहान लहान टोळक्यांत बसून त्याची चर्चा करतात. रात्रीची प्रार्थना संपल्यावर कांहीं बंधु मंदिरांतच थांबतात. ज्याला बोलावयाचें असेल त्यानें जवळ जाऊन बसावें. कोणी बापाच्या मरणाविषयीं बोलतो, कोणी देव मुळांत आहे काय असें विचारतो. उत्तर मिळेलच असें नाहीं. ऐकून घेतलें जातें. तरुणांना धर्माकडे वळवावयाचें म्हणजे त्यांना करमणूक पुरविली पाहिजे, वाद्यें आणि दिवे आणले पाहिजेत, अशी पुष्कळ वडीलधाऱ्यांची समजूत असते. तेझेचा अनुभव बरोबर याच्या उलट आहे. करमणूक त्यांना घरींदारीं हवी तेवढी मिळते. कोणी घाई न करतां ऐकून घेणारें वडील माणूस मिळत नाहीं.

आणखी एक गोष्ट बंधूंनीं कटाक्षानें केली. या तरुणांचा त्यांनीं संघ काढला नाहीं, सभासदत्वाचीं तिकिटें वाटलीं नाहींत. परत आपापल्या गांवच्या मंडळींत जा, हेंच ते सांगत आले. १९७८ पासून वर्षाच्या अखेरीस युरोपच्या कोणत्या तरी मोठ्या शहरांत तरुणांचा मेळा भरतो, त्यांत पाहुण्यांना त्या शहरांतील कुटुंबें आपल्या घरीं उतरवून घेतात. रोजे यांनीं १९७६ सालीं कांहीं सोबत्यांसह कलकत्त्याच्या गरीब वस्तींत कांहीं आठवडे मुक्काम केला होता आणि तेथूनच जगाला उद्देशून एक पत्र लिहिलें. १९८५ च्या अखेरीस मद्रासेसहि तेझेच्या वतीनें असा मेळा भरला.

१६ ऑगस्ट २००५ रोजीं संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं, अडीच हजारांच्या जमावांत, मनाचा तोल गेलेल्या एका स्त्रीनें रोजे यांच्यावर सुरीनें वार केले. ते नव्वद वर्षांचे होते. त्यांच्यामागून जर्मन कॅथॉलिक बंधु अलोइस प्रमुख झाले आणि २०२३ च्या डिसेंबरांत इंग्रज अँग्लिकन बंधु मॅथ्यू यांच्याकडे ती जागा आली. संस्थापक गेल्यावर तरुणांची वर्दळ आटेल, असा कित्येकांचा कयास होता. तो खरा ठरला नाहीं.

परंतु येथपर्यंतची हकीकत सांगून थांबलों तर अर्धेंच सांगितल्यासारखें होईल. २०१९ च्या जूनमध्यें तेझेच्या बंधुमंडळानें स्वतःच जाहीर केलें कीं, १९५० ते १९८९ या दरम्यानच्या काळांत आपल्यांतील तीन बंधूंकडून लैंगिक अत्याचार झाल्याचीं पांच प्रकरणें समोर आलीं असून तीं सरकारी अधिकाऱ्यांकडे दिलीं आहेत. ज्या ठिकाणाचें सारें बळ विश्वासांत, त्या ठिकाणीं हें घडलें. दोन वर्षांनीं, ५ ऑक्टोबर १९२१ नव्हे, तर २०२१ रोजीं—साल मुद्दाम ठासून सांगतों, कारण ही जुनी गोष्ट नाहीं—झां-मार्क सोव्हे यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र मंडळानें फ्रान्समधील सर्व कॅथॉलिक संस्थांविषयींचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. १९५० पासून सुमारें २,१६,००० अल्पवयी मुलें धर्मगुरूंच्या व संन्याशांच्या अत्याचारांना बळी पडलीं असावीं, असा त्याचा अंदाज होता. चर्चच्या संस्थांतील इतर लोकांकडून झालेले अत्याचार धरले तर आंकडा ३,३०,००० पर्यंत जातो. या अहवालाची मागणी बिशपांनीं आपणच केली होती, एवढें त्यांच्या पदरांत घातलें पाहिजे. पण तरुणांना बोलावण्याचा अधिकार आतां कोणत्या तोंडानें सांगावा, हा प्रश्न त्या दिवसापासून प्रत्येक प्रामाणिक धर्मगुरूपुढें उभा आहे.

आणि याच अहवालानंतरच्या वर्षांत, सर्वांच्या अंदाजाबाहेर, बाप्तिस्मा मागणाऱ्या तरुणांची संख्या वाढूं लागली. त्याचें एकच कारण शोधण्यांत अर्थ नाहीं. २०२० च्या साथींतील एकांतवास, घरांतील एखादा मृत्यु, श्रद्धाळू मित्र किंवा मैत्रीण, संगणकाच्या पडद्यावर ऐकलेलें एखादें प्रवचन, मुसलमान सोबत्याचा रोजा पाहून आपला धर्म कोणता असा मनांत आलेला प्रश्न, अशीं नाना कारणें सांगितलीं जातात. त्यांपैकीं पुष्कळ जण ज्या घरांत धर्माचें नांव निघत नसे अशा घरांतले आहेत. क्यूशे यांनीं वर्णिलेल्या तुटींत ज्यांचे आजेआजी सुटले, त्यांचीं हीं नातवंडें. त्यांच्या मनांत देवळाविषयीं भक्ति नव्हती, तशी अढीहि नव्हती. बापाचें बंड मुलाच्या वांट्याला आलेलें नव्हतें.

असा तरुण देवळाच्या दारीं आला म्हणजे त्याला त्याच रविवारीं बाप्तिस्मा देत नाहींत. प्रौढांना टप्प्याटप्प्यानें दीक्षा देण्याची पहिल्या कांहीं शतकांतील पद्धति व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनें १९६३ सालीं पुन्हां सुरू करण्याचें ठरविलें, आणि आज तीच चालते. तयारीला साधारणपणें वर्षदोन वर्षें लागतात. उमेदवाराला एक सोबती नेमून दिलेला असतो. तो बहुधा धर्मगुरु नसून संसारी माणूसच असतो. दोघे मिळून शुभवर्तमान वाचतात, शंका बोलून दाखवितात. ईस्टरपूर्वींच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारीं बिशप उमेदवारांना नांवानें हांक मारतात आणि ते नोंदवहींत सही करतात. मग ईस्टरच्या पूर्वरात्रीं, अंधारांत पेटविलेल्या एका अग्नीवरून मेणबत्त्या लावीत, बाप्तिस्मा होतो. क्लिशीच्या कारखान्यांतील टोळकें, तेझेच्या मंदिरांत मागें थांबलेला बंधु आणि हा नेमून दिलेला सोबती, हीं तिन्ही एकाच जातीचीं माणसें आहेत, असें मला वाटतें.

यावरून फ्रान्स पुन्हां ख्रिस्ती झाला असें कोणी म्हणूं लागला, तर त्याला दुसरा आंकडा दाखवावा लागेल. २००० सालीं फ्रान्समध्यें सर्व वयांचे मिळून सुमारें ४,००,००० बाप्तिस्मे झाले होते. अलीकडे ती संख्या निम्म्यावर आली आहे. दहा हजार आले, आणि दोन लाख मुलें मुळीं आणलींच गेलीं नाहींत. १९९७ च्या ऑगस्टमध्यें पोप दुसरे जॉन पॉल पॅरिसला आले असतां सुमारें दहा लाख तरुणांनीं लाँशांचें मैदान भरून टाकलें होतें, आणि त्या गर्दीनंतरहि रविवारचीं देवळें रिकामींच होत गेलीं. गर्दी मोजणें सोपें असतें.

खरी अडचण ईस्टरनंतर सुरू होते. दोन वर्षें दर पंधरवड्याला भेटणारा सोबती आतां दुसऱ्या उमेदवाराकडे जातो. नवदीक्षित तरुण नोकरीसाठीं गांव बदलतो, नव्या गांवच्या देवळांत शिरतो, आणि तेथें पांढऱ्या केसांचीं वीस माणसें एकमेकांना ओळखतात, त्याला कोणी ओळखत नाहीं. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्यें ४०,००० हून अधिक धर्मगुरु होते. आतां तितक्यांचा एक तृतीयांशहि उरलेला नाहीं, आणि खेड्यापाड्यांत एका धर्मगुरूकडे पंधरावीस देवळें असणें ही नित्याची गोष्ट आहे. त्यानें प्रत्येक नवागताचें नांव लक्षांत ठेवावें, ही अपेक्षा फोल आहे. तें काम बांकावर शेजारीं बसणाऱ्यालाच करावें लागेल. पॅरिस व त्याच्या आसपासच्या धर्मप्रांतांच्या बिशपांनीं २०२५ सालीं या नवदीक्षितांच्या एकाच प्रश्नासाठीं प्रांतिक धर्मपरिषद बोलावण्याचें जाहीर केलें आहे, आणि तींत नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्यांचेंहि म्हणणें ऐकून घेतलें जावें, असा हेतु आहे.